वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर



शाळा सुरू व्हायच्या सुमारास घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वाढत्या अंगाचा शिवा हो!" सदरा शिवायला टाकताना आई शिंपीदादांना सांगते, की आत थोडी माया ठेवा. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. तुम्ही उंच झालात, की शिवण उसवायची आणि ते कापड मोकळं करायचं. झालं! तोच सदरा आणखी वर्षभर चालतो.

कॉम्प्युटरलाही अशी माया असते बरं का! हसू नका. कोणत्या कॉम्प्युटरमध्ये ती ठेवलेली आहे आणि कोणत्यात नाही, हे पैसे मोजण्याआधीच पाहायचं असतं.

वर्गात हा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला, "कोणता भारी आहे भो?" एक म्हणतो विंडोज, दुसऱ्याच्या पुण्याच्या मामाकडे मॅक असतो, तिसऱ्याने लिनक्सचं नुसतं नाव ऐकलेलं असतं. मग नुसता गलका! पण कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आल्यावर घरात पहिला कॉम्प्युटर येतो, तेव्हा दुसरा काही लगेच घेता येत नाही. म्हणून 'भारी कोणता' हे बाजूला ठेवू आणि तीन साधे प्रश्न विचारू. एकूण खर्च किती? पुढे वाढवता येतो का? आपल्याला हवा तसा करून घेता येतो का?

त्याआधी थोडा इतिहास. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर, म्हणजे पीसी, बाजारात आणला. त्यातले पुष्कळ भाग तिने बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा, डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत नवी कार्डं बसवायला रिकाम्या खाचा होत्या, आणि आतली रचना सांगणारं पुस्तकही मिळत होतं. मग काय, इतर कंपन्या तसेच पीसी करू लागल्या. आज जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या एखाद्या दुकानात सुटे भाग जोडून जो 'असेंबल्ड' कॉम्प्युटर मिळतो, तो याच घराण्यातला.

अ‍ॅपलने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिन्टॉश आणला. माउस, पडद्यावरची चित्रं, सगळं कसं सुबक! पण डबा बंद. नवं कार्ड बसवायला आत एकही खाच नव्हती. यंत्रही अ‍ॅपलचं, प्रणालीही अ‍ॅपलचीच.

आणि १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. लिनक्स हे यंत्र नव्हे, ती प्रणाली आहे. ती कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी मोकळीक आहे. आपल्या पीसीवर ती चालते.

आता पहिला प्रश्न, खर्चाचा. वही-पेन घ्या. पुढचे आकडे फक्त गणितासाठी धरले आहेत, दुकानातले भाव नव्हेत. समजा, पीसी २८,००० रुपयांना घेतला आणि ४ वर्षं चालला. वर्षाला पडले ७,००० रुपये. चौथ्या वर्षी ७,००० रुपयांचे भाग घालून तो आणखी ३ वर्षं चालवला, तर ३५,००० भागिले ७, म्हणजे वर्षाला ५,०००. दुसरीकडे ७२,००० रुपयांचा मॅक ८ वर्षं टिकला, तर वर्षाला ९,०००. तोच १२ वर्षं टिकला तर? ६,०००. पाहिलंत? नुसती पहिल्या दिवसाची किंमत पाहून उत्तर मिळत नाही. किती वर्षं चालणार, यानेही भागावं लागतं. आणखी एक, असेंबल्ड पीसीत विंडोजचे पैसे धरले आहेत का, हे दुकानदारकाकांना नक्की विचारा. चोरीची प्रत घ्यायची नाही. लिनक्स मात्र फुकट उतरवून घेता येते.

दुसरा प्रश्न मायेचा. डेस्कटॉप पीसीत बहुधा दोन गोष्टी सहज वाढवता येतात. एक रॅम, म्हणजे काम करताना वापरायची स्मरणशक्ती. दुसरी डिस्क. जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, तर रखडणारं यंत्र चटकन सुरू होऊ लागतं. पण कोणतीही रॅम कुठेही बसत नाही हं! डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून आपल्या यंत्राचा प्रकार आधी पाहायचा. नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे जे मॅक आणले, त्यांच्यात रॅम चिपसोबतच पक्की बसवलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. विंडोजच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्येही रॅम अशीच डकवलेली असते. म्हणून दुकानात विचारा, "काका, यात रॅमची रिकामी जागा आहे का?" आपल्याकडचा मे महिना आणि धूळ तर तुम्हाला ठाऊकच आहे. पारा ४५ अंशांकडे जातो, आतला पंखा धुळीने भरतो. डेस्कटॉपचा डबा मोठ्यांच्या मदतीने, वीज बंद करून, पिन काढून उघडता येतो आणि साफ करता येतो. हेही लक्षात घ्या.

तिसरा प्रश्न, हवा तसा करून घेण्याचा. याचं एक आपलंच उदाहरण सांगते. सुरुवातीचे पीसी इंग्रजी लिहीत. त्यांना मराठी कोण शिकवणार? मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आयआयटी कानपूरला आणि मग पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार केलं. त्याचं एक कार्ड निघालं. ते पीसीच्या रिकाम्या खाचेत बसवलं, की पडद्यावर देवनागरी उमटायची! विचार करा, ती खाच होती म्हणून आपली भाषा आत शिरू शकली. आता युनिकोडमुळे विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर मराठी लिहिता येतं, त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही.

हे सगळं आजच का सांगते आहे? कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे चालू स्थितीतले कितीतरी कॉम्प्युटर घरांत, शाळांत 'जुने' ठरले. जुन्या मॅकलाही काही वर्षांनी नवी प्रणाली मिळेनाशी होते. मग काय, सगळं भंगारात?

थांबा! अशा बऱ्याच पीसींवर लिनक्स चालू शकते. सी-डॅकने केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्सही आहे, आणि तिच्यात आपल्या भाषांची सोय आहे. बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवून बघता येतात. आवडली तरच आत बसवायची. तीही सगळ्या फायली दुसरीकडे ठेवून आणि घरच्यांना विचारूनच! निबंध, तक्ते, इंटरनेट, प्रोग्रॅमिंग, सगळं होतं. मात्र बाबा दुकानाचा हिशेब टॅलीवर करत असतील, तर ते विंडोजसाठी बनवलेलं आहे. काही खेळही चालणार नाहीत. म्हणून काम आधी ठरवायचं, यंत्र नंतर.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातल्या, शाळेतल्या किंवा शेजारच्या एका कॉम्प्युटरची माहिती मोठ्यांना विचारून वहीत लिहा : १) प्रोसेसर कोणता? २) रॅम किती, आणि वाढवता येईल का? ३) डिस्क फिरती की एसएसडी? ४) प्रणाली कोणती? ५) बिघडला तर दुरुस्ती आपल्या गावात होते, की नाशिक-पुण्याला पाठवावा लागतो?

पाच उत्तरं मिळाली, की त्या कॉम्प्युटरमध्ये किती माया शिल्लक आहे, ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि 'हा जुना झाला, टाकून द्या' असं कुणी म्हणालं, तर आधी वही उघडा.

तुमची,
बाई