हाड कोलकात्याला, ठसा वसईला

मोठ्या जीवाश्मांचे त्रिमित स्कॅनिंग करून त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्याचा विषय निघाला की दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, नकलेत काय बघायचे, अस्सल हाड असेल तर दाखवा. दुसरा म्हणतो, एकदा स्कॅन झाले की हाडाचे काम संपले. वसईत बसून मला दोघांशीही भांडायचे आहे. पहिल्याशी जास्त, कारण तो जास्त भेटतो.

त्याचा राग मला कळतो. त्याने पाहिलेले डायनोसॉर म्हणजे बागेतले नाहीतर मॉलमधले, लाल जबड्याचे, बटण दाबले की डरकाळी फोडणारे फायबरचे प्राणी. त्यांची हाडे कुणाचीच नसतात. कारागिराने सिनेमा पाहिला आणि साचा ओतला. तेवढ्यावरून प्रतिकृती म्हणजे फसवणूक असे त्याने ठरवले असेल, तर चूक एवढीच की थापेबाज नकलेची शिक्षा तो मोजून केलेल्या नकलेला देतो आहे.

मुळात ज्याला तो अस्सल म्हणतो ते काय असते ते पाहू. आपल्या गडचिरोलीतील सिरोंचाच्या बाजूला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, बारापासॉरस हा अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर मिळाला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याच्या जातिनामात 'टागोरी' आले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. पण तो एका प्राण्याचा नाही. जवळपास ३०० हाडे मिळाली, ती किमान सहा प्राण्यांची. कवटी मिळालीच नाही. म्हणजे त्या 'अस्सल' सांगाड्याला डोके हवे असेल तर ते माणसानेच घडवायचे. यात कुणाची लबाडी नाही. जगातले बहुतेक मोठे सांगाडे असेच जुळवलेले असतात. १९०५ साली लंडनला ज्या डिप्लोडोकसने वेड लावले, तो 'डिप्पी' तर २९२ हाडांचा निव्वळ प्लास्टरचा ठसा होता.

ठसा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाने तरी नाक मुरडू नये. शिलालेखावर ओला कागद थापून, ब्रशने ठोकून, शाई लावून ठसा घ्यायचा आणि तो घरी आणून वाचायचा, या पद्धतीवर आपला निम्मा प्राचीन इतिहास उभा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकलला, अशोकाच्या आठव्या आज्ञापत्राचा तुकडाही त्याच वर्षी त्यांच्या हाती आला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. या शिळा पाहायच्या तर आज चर्चगेट लोकल पकडून काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे लागते. ठशावरून वाचलेला अशोक खोटा, असे आजवर कुणी म्हणालेले नाही. मग बारापासॉरसच्या मांडीच्या हाडाच्या ठशालाच वेगळा न्याय का?

उलट नवा ठसा जुन्यापेक्षा सोज्वळ आहे. पूर्वी हाडावर रबर ओतून साचा काढत, तो सोलताना भेगाळलेल्या हाडाचे कपचे निघत. आता लेसर फिरवतात, किंवा चारी बाजूंनी एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकावर पृष्ठभाग उभा करतात. हाडाला कुणी बोट लावत नाही. छायाचित्रात मोजपट्टी ठेवायची तेवढी विसरू नये, नाहीतर आकार बरोबर येतो आणि माप चुकते. डावे हाड मिळाले आणि उजवे नसले, तर आरशातल्यासारखे उलटवून उजवे करता येते. खडकाच्या दाबाने वाकडे झालेले हाड सरळही करता येते. इथेच लबाडीला वाव आहे, म्हणून माझा हट्ट एकच: मिळालेला भाग एका रंगात, उलटवलेला किंवा अंदाजाचा दुसऱ्या रंगात. एवढे पाळले तर नकलेत अस्सलापेक्षा जास्त खरे बोलता येते.

'पण वसईत डायनोसॉर कुठला?' खरे आहे, कुठलाच नाही. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा लाव्हा आहे, आणि लाव्हा हाडे राखत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या गाळात काय ते मिळते. वरळीच्या अशा गाळखडकातले चिमुकले बेडूक १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी जगापुढे ठेवले, डायनोसॉर हे नाव देणारे तेच ओवेन. मोठे प्राणी मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला. २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेलेल्या या शहरातल्या पोरांनी त्यासाठी कोलकाता गाठायचे का? इथे नाही म्हणूनच इथे ठसा हवा. आणि तो करायला परदेशी कंपनी नको. वालीवच्या गाळ्यांत डाय-मोल्डचे काम रोज चालते, नायगावला मालिकांचे सेट उभारणारे हात आहेत. फाइल द्या, मापे द्या, बाकी ते बघतील.

आता दुसरा पक्ष. स्कॅन हातात आले की हाड भंगारात, असे म्हणणाऱ्यांनी चंद्रपूरचे पिसदुरा आठवावे. तिथल्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताच्या पेशींचे सिलिकाचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे २००५ साली सिद्ध झाले. त्या गोळ्याच्या वरच्या पृष्ठभागाचे कितीही बारीक स्कॅन केले असते तरी आतले गवत दिसले नसते. हाडाचे काप घेऊन वाढीची वलये मोजायची असतील तर हाडच लागते. पुढच्या पिढीचे प्रश्न आज आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून मूळ वस्तू जपायची.

आणि तरी स्कॅन हवेच, कारण हाडेही मरतात. इजिप्तमध्ये सापडलेला पहिला स्पायनोसॉरस म्युनिकमध्ये होता. एप्रिल १९४४ च्या बाँबफेकीत तो गेला आणि उरली ती एर्न्स्ट स्ट्रोमर यांची वर्णने, रेखाटने व काही छायाचित्रे. चिलीतली गोष्ट आणखी बोलकी आहे. अटाकामात महामार्ग रुंद करताना २०१० साली देवमाशांचे सांगाडे लागले. स्मिथसोनियनच्या मंडळींनी ते हलवण्याआधी जागेवरच स्कॅन केले. कोण कुठे, कसा पडला होता याची नोंद त्यामुळे राहिली. विषारी शेवाळाने हे प्राणी वेळोवेळी कळपाने मेले असावेत, हा निष्कर्ष त्या मांडणीवरूनही निघाला. एकदा उचलल्यावर ती मांडणी कुठल्याच हाडात उरत नाही. बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्गासाठी आपला जिल्हा खणला जात असताना, निदान सोपाऱ्याभोवतीच्या मातीबाबत तरी हे कानावर घ्यावे.

सार्वजनिक पैशातून झालेले स्कॅन सर्वांना खुले असावेत, आणि पहिली प्रतिकृती वसईला नव्हे, ज्या गावाच्या मातीतून हाड गेले त्या गावाला मिळावी. आयसिसॉरस हा डायनोसॉर चंद्रपूरकडच्या डोंगरगावचा, तर पहिला मान डोंगरगावचा. आपला नंबर त्यानंतर. वसई-विरारने सुरुवात एका मांडीच्या हाडापासून करावी. सांगाड्याला दालन लागते, हाडाला शाळेचा व्हरांडा पुरतो, आणि पोरांना त्यावर हात फिरवता येतो. शेजारच्या पाटीवर मूळ हाड कुठे आहे, ते कुठे मिळाले, स्कॅन कुणी आणि कधी केले, अंदाजाचा भाग किती, एवढे लिहावे. ही पाटी नसेल तर पहिल्या पक्षाच्या गृहस्थांनी खुशाल तिकिटाचे पैसे परत मागावेत. त्या रांगेत मीही उभा राहीन.