फाट्यावरच्या माणसाला कोण विचारणार?

आमच्या गावच्या फाट्यावर चहाची एक टपरी आहे. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा गावासमोर रस्ता ओलांडायची सोय ठेवली गेली नाही. शाळा, दवाखाना, आठवड्याचा बाजार पलीकडे. वळसा दोन किलोमीटरचा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दोन किलोमीटर चालत जाणार नाही, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. लोकांनी दुभाजकाचे दगड सरकवले आणि वाट पाडली. पहिल्याच पावसाळ्यात टपरीवाला मला म्हणाला, "काका, इथं माणूस जाणार बघा." पुढे वर्षभरात दोघे गेले. या गृहस्थाकडे अभियांत्रिकीची पदवी नाही. दिवसाचे चौदा तास तो त्या रस्त्याकडे पाहत असतो, एवढेच.

सरकारी भाषेत अशा जागेला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, की ती जागा या व्याख्येत बसते. म्हणजे आमच्या फाट्याचे मृत्यू अजून कमी पडतात! व्याख्या चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मर्यादित पैसा कुठे आधी खर्च करायचा हे ठरवायला मोजमाप लागतेच. पण रस्त्याबद्दल आपण मेलेल्या माणसांची साक्ष तेवढी ग्राह्य धरतो आणि जिवंत माणसाला विचारत नाही, हे खटकते.

२०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एखाद्या तालुक्याच्या लोकसंख्येएवढा हा आकडा आहे. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे, तर १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. मोटारीच्या काचेआड बसलेल्यांपेक्षा उघड्यावरची माणसेच जास्त मरतात. धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलाभोवती मात्र या उघड्यावरच्या माणसांपैकी कोणी बसलेले नसते.

केंद्र सरकारने राष्ट्रीय रस्ता सुरक्षा धोरण २०१० साली मंजूर केले. सुंदर समितीच्या शिफारशी त्याच्या मुळाशी होत्या. धोरण वाईट नाही. सुरक्षित रस्ते, सुरक्षित वाहने, पादचाऱ्यांची सोय, जखमींना तातडीची मदत, सारे त्यात आहे. पण सुरुवात होते ती जनजागृतीपासून. जनता म्हणजे शिकवायचा विद्यार्थी, ही त्यामागची समजूत. दर जानेवारीत फलक लागतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात, गुलाबपुष्पे वाटली जातात. विद्यार्थ्यालाही काही सांगायचे असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

कायद्यात दारे नाहीत असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २१२ व्या कलमानुसार नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर हरकती मागवाव्या लागतात. केंद्राच्या नियमांचा मसुदा राजपत्रात हिंदी-इंग्रजीत येतो, हरकतींची मुदत बहुधा तीस दिवसांची असते आणि पत्ता नवी दिल्लीचा. टपरीवाल्याने ते राजपत्र वाचावे अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे थट्टाच. दुसरे दार जवळचे आहे. २१५ व्या कलमात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे आणि अशा समित्या स्थापन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिला. पण ही समिती अस्तित्वात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ज्यांचा आवाज पोहोचला, त्यांचा न्यायालयामार्फत पोहोचला. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेतून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची रस्ता सुरक्षा समिती निघाली. 'सेव्हलाइफ फाउंडेशन'च्या याचिकेवर मार्च २०१६ मध्ये निकाल लागला आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-दवाखान्याच्या जाचातून संरक्षण मिळाले. २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. रस्त्यावर तडफडणाऱ्या माणसाला उचलायला लोक का कचरतात, हे फायलीत सापडणारे नव्हते. ते लोकांनीच सांगावे लागले. मात्र प्रत्येक फाट्यासाठी कोणी दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. लोकांना विचारले तर लोक हेल्मेटच नको म्हणतील! पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्तीची अंमलबजावणी सुरू होताच निदर्शने झाली, हे खरेच आहे. माझे उत्तर असे की, विचारणे म्हणजे हात वर करून मते मोजणे नव्हे. हेल्मेटने डोके वाचते की नाही हा बहुमताचा प्रश्न नाही, वैद्यकाचा आहे. तिथे सरकारने ठाम राहावे. पण बाजाराच्या दिवशी माणसे रस्ता कुठून ओलांडतात, एस.टी. कुठे थांबते, रात्री कोणते वळण दिसत नाही, याचे ज्ञान गावाकडेच असते. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, एवढा विवेक धोरणात हवा.

त्यासाठी नवा कायदा नको. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. त्यांतल्या एका सभेत गावाने आपल्या धोक्याच्या जागांची यादी करावी आणि ठराव जिल्हा समितीकडे पाठवावा. समितीने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह. शहरात हेच काम प्रभागाने करावे. बैठकीचा वृत्तांत मराठीत पंचायतीच्या फलकावर लागावा. मसुद्यांचा सारांशही मराठीत यावा. रस्त्याची रचना सदोष असेल तर जबाबदार यंत्रणेला दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. गावाने आधीच लेखी बजावले असेल, तर "आम्हाला कल्पना नव्हती" असे मग कोणालाही म्हणता येणार नाही.

गेल्या महिन्यात फाट्यावर उतरलो. दुभाजकातली वाट तशीच होती. दप्तर पाठीला लावलेली दोन मुले गाड्या जाईपर्यंत थांबून पलीकडे पळाली. टपरीवाल्याने चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला, पण त्याची नजर मुले पोहोचेपर्यंत रस्त्यावरच होती. येत्या ग्रामसभेत तो ठराव मांडणार आहे. मसुदा लिहायला मी बसणार आहे.