स्वस्त विजेची वेळ आणि स्त्रीचा वेळ

महाराष्ट्रात घरोघरी नवे वीजमीटर बसू लागले आहेत. घराने किती वीज वापरली एवढेच हे मीटर सांगत नाहीत. ती दिवसाच्या कोणत्या प्रहरी वापरली याचीही नोंद ते ठेवतात. केंद्र सरकारने जून २०२३मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीने या नोंदीला अर्थ दिला. शेतीखेरीज इतर सर्व ग्राहकांना १ एप्रिल २०२५पासून, मीटर बसला की, वेळेनुसार दर लावावेत. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान वीस टक्क्यांनी कमी असावा आणि कमाल मागणीच्या तासांत तो घरगुती ग्राहकांना किमान दहा टक्क्यांनी अधिक असावा, असे हे धोरण आहे. महाराष्ट्रात जुलै २०२५पासून घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. घरकामाचे वेळापत्रक दराप्रमाणे आखा, म्हणजे बिल कमी होईल, असा उपदेश तेव्हापासून ऐकू येत आहे.

या धोरणामागील अर्थशास्त्र चुकीचे आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वीज धान्याप्रमाणे कोठारात साठविता येत नाही. साठवण करावयाची तर ती महाग पडते. मागणीचा शिखरबिंदू गाठण्यासाठी उभारलेली यंत्रसामग्री उरलेल्या तासांत रिकामी बसते आणि तिचा भांडवली खर्च मात्र सर्वांच्या बिलात उतरतो. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीचशे गिगावॉटपर्यंत पोचली होती. दुसरीकडे, जानेवारी २०२५मध्ये सौर वीजनिर्मितीची क्षमता शंभर गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, अशी ही विषम स्थिती आहे. तेव्हा मागणी दुपारकडे सरकविणे हे समाजाच्या हिताचे आहे, यात शंका नाही.

इतकेच नव्हे, तर हे तत्त्व बाजारवाद्यांची मिरासही नव्हे. १९४६ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या फ्रान्सच्या वीज कंपनीत मार्सेल ब्वातो या अर्थशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात वेळेनुसार दरांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. नियोजनावर विश्वास असणाऱ्या सार्वजनिक क्षेत्राचे ते अपत्य होते. परंतु त्या देशात पुढे काय घडले हे आपल्याकडील उपदेशक सांगत नाहीत. रात्रीची स्वस्त वीज घरांपर्यंत नेताना तेथे पाणी तापविण्याची टाकी आणि वीजवाहिनीतूनच संदेश घेऊन ती आपोआप चालू-बंद करणारी कळ यांची जोड देण्यात आली. ब्रिटनमध्ये १९७८पासून सात तासांच्या स्वस्त दराची योजना आली, तेव्हाही रात्री आतील विटा तापवून दिवसा ऊब देणारे हीटर तिच्या सोबतीला होते. म्हणजे वेळ बदलण्याचे कष्ट तेथे बव्हंशी यंत्राने सोसले. आपल्याकडे ते कोणी सोसावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

एखाद्या कामगार वस्तीतील घर डोळ्यांपुढे आणावे. नळाला पाणी पहाटे पाचला येते, आणि ते वर चढवावयाचे तर पंप त्याच वेळी लावावा लागतो. सातच्या आत डबे तयार व्हावे लागतात, म्हणून मिक्सर सहालाच फिरतो. नवरा पाळीवर, मुले शाळेत आणि घरची बाई चार घरची धुणीभांडी करावयास किंवा अंगणवाडीत. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या सवलतीच्या आठ तासांत त्या घराला कुलूप असते. सवलत घ्यावयाची तर घरी कोणीतरी मोकळे असावे लागते किंवा आपोआप चालणारे यंत्र असावे लागते. या घरात दोन्ही नाहीत.

आता हिशेब मांडून पाहू. असे घर महिन्याला नव्वद युनिटे वापरते असे धरा. दिवे संध्याकाळीच लागणार, पंखा रात्री फिरणार. फ्रिज असलाच तर तो अहोरात्र चालतो आणि दुपारच्या वापरावरील सवलत त्याला काही न करता मिळते. सरकविता येण्याजोगी कामे उरतात ती इस्त्री, वाटण, क्वचित धुलाईयंत्र. उदारपणे पंधरा युनिटे धरली आणि ती सगळीच्या सगळी दुपारी वापरली, तरी ८० पैशांच्या दराने बचत होते महिन्याला बारा रुपये. याउलट ज्याची विजेवर चालणारी मोटार दुपारी दारात उभी असते आणि महिन्याला दोनशे युनिटे घेते, त्याला त्या एकाच वस्तूवर १६० रुपये वाचतात. कळ दाबण्यापलीकडे त्याला काही करावे लागत नाही. दुपारी त्याच्या घरचे धुलाईयंत्र लावावयास येते, तीही बहुधा पहिल्या घरातलीच बाई. तिच्या श्रमाने बिल कमी होते ते त्याचे.

विजेच्या हिशेबात जो घटक धरलाच जात नाही, तो म्हणजे स्त्रीचा वेळ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. पाण्याचे तास, शाळेचे तास, पाळीचे तास यांच्या बेचक्यात तिचा दिवस आधीच सापडलेला आहे. त्यात आता विजेचे घड्याळ येत आहे. आज ते सवलतीचे रूप घेऊन आले आहे. केंद्राच्या नियमांत मात्र संध्याकाळचा जादा आकारही लिहिलेला आहे. तो उद्या लागू झाला तर सातला पोळ्या लाटणारी आणि मुलाला अभ्यासाला बसविणारी आई उधळपट्टी करणारी ठरेल.

आपल्या शेतकऱ्याला या प्रकाराची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. यंत्रणेच्या सोयीसाठी त्याच्या पंपाला आठवड्याच्या पाळीने रात्री वीज देण्यात आली आणि साप-विंचवांची, काही भागांत बिबट्याची भीती पत्करून तो काळोखात पाणी धरीत राहिला. वीजभार समतोल झाला, परंतु त्याची किंमत ताळेबंदात कोठेच लिहिली गेली नाही. तीच पद्धत आता स्वयंपाकघरात येऊ पाहत आहे.

म्हणून वेळेनुसार दराला सरसकट विरोध करणे हे आमच्या मते समाजवादी चळवळीचे काम नव्हे. त्याचा बोजा कोणावर पडावा, हे ठरविण्याचा आग्रह धरणे हे तिचे काम आहे. अल्प वापराच्या घरगुती ग्राहकांना संध्याकाळचा जादा आकार कधीही लागू होणार नाही, अशी हमी वीज नियामक आयोगाच्या आदेशातच असली पाहिजे. त्यांना द्यावयाची सवलत घड्याळाला न बांधता सरसकट दिली जावी. नगरपालिकांनी पाणीपुरवठ्याच्या वेळा आणि वीजदराच्या वेळा यांची सांगड घालावी. कमाल मागणीचा भार मोठ्या वातानुकूलित इमारतींनी आणि व्यापारी संकुलांनी उचलावा. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखणारी साठवण सार्वजनिक मालकीची असावी. जे काम कोयनेच्या पाण्याने संध्याकाळच्या गर्दीत वर्षानुवर्षे केले, ते कोट्यवधी गृहिणींच्या दिनक्रमाकडून करवून घेता येणार नाही.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा घरातला जमाखर्च हा राजकारणाचाच विषय आहे हे त्यांनी दाखवून दिले. घरातल्या वेळेचा जमाखर्चही तसाच आहे. दरवाढीच्या जनसुनावणीत हरकती नोंदविताना आपल्या शाखांनी वस्तीतील बायकांचा दिवस तासातासाने मांडून आयोगापुढे ठेवावा. आणि ही नोंद करणाऱ्या पुरुष कार्यकर्त्यांनी तिची सुरुवात आपल्या घरापासून करावी. २८९ आणि ८८ यांतील अंतर कोणताही आयोग कमी करू शकणार नाही. ते आपल्यालाच कमी करावे लागेल.