यंत्रमानवाची भाषा कोणाची?

बारामती शहराला लागून असलेले आणि आता नगरपरिषदेच्या हद्दीत आलेले जळोची हे गाव शेती आणि यंत्रयुग यांच्या संधिरेषेवर उभे आहे. एकीकडे बाजार समितीच्या उपबाजारात उतरणारा शेतमाल, दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि सभोवार बारामती-इंदापूर पट्ट्यातील ऊस. याच परिसरात बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा उसावरील प्रयोग हाती घेतला. जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे पाणी किती द्यावे, खत कधी घालावे याचा सल्ला शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर मिळू लागला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी बंगळुरूच्या व्यासपीठावरून बारामतीच्या शेतकऱ्याचा उल्लेख केला, तेव्हा साऱ्या तालुक्याला त्याचा आनंद वाटणे स्वाभाविक होते.

या आनंदात विरजण घालण्याचे कारण नाही. परंतु हीच कंपनी २००६ साली अशाच एका नव्या क्षेत्रात मोठ्या थाटाने उतरली होती. ते क्षेत्र होते यंत्रमानवांच्या आज्ञावलीचे. तेव्हा जगभरच्या हौशी यंत्रमानवकारांनी तिचे स्वागत कसे केले, कोणत्या शंका घेतल्या आणि पुढे काय घडले, हे जाणून घेणे जळोचीच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलालाही उपयोगाचे आहे.

जून २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रोबोटिक्स स्टुडिओ’ ही प्रणाली जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पाठोपाठ ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या जानेवारी २००७ च्या अंकात बिल गेट्स यांनी घरोघरी यंत्रमानव येतील असे भाकीत करणारा लेख लिहिला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर वैयक्तिक संगणक ज्या अवस्थेत होता, त्याच अवस्थेत आज यंत्रमानव आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक निर्माता आपापली चूल मांडतो, एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, समान पाया नाही. तो पाया घालण्याची जबाबदारी कंपनीने स्वतःकडे घेतली होती.

निदान अचूक होते. आजही कारखान्यांतील यंत्रबाहूंची स्थिती पाहिली तर कूका, एबीबी, फानुक, यास्कावा या प्रत्येकाची भाषा निराळी आहे. एका कंपनीच्या बाहूवर तयार झालेल्या तंत्रज्ञाला दुसऱ्या कंपनीच्या बाहूपुढे पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. प्रश्न उरत होता तो वैद्याचा.

हौशी मंडळींच्या प्रतिक्रिया तीन प्रकारच्या होत्या. पहिला वर्ग स्वागत करणाऱ्यांचा. या प्रणालीत संगणकाच्या पडद्यावर आभासी यंत्रमानव चालवून पाहण्याची सोय होती. चित्रांचे ठोकळे जोडून आज्ञा रचता येत होत्या. महागडी मोटार जाळण्यापूर्वी चूक पडद्यावरच उमगणे ही पदरमोड करून छंद जोपासणाऱ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. हौशींना आणि विद्यार्थ्यांना प्रणाली विनामूल्य होती.

दुसरा वर्ग व्यवहारी शंकेखोरांचा. हौशी माणसाचा यंत्रमानव म्हणजे काही किलोबाइट स्मृतीची चिप, दोन मोटारी आणि चार विद्युतघट. त्यावर ही अवजड प्रणाली चालणार कशी? ती चालवायची तर विंडोज असलेला संगणक हवा आणि यंत्रमानव त्याला तारेने अथवा ब्लूटूथने बांधलेला हवा. म्हणजे मेंदू टेबलावर आणि हातपाय जमिनीवर.

तिसरा वर्ग इतिहास विसरू न शकणाऱ्यांचा. छंद म्हणून वापर फुकट, पण त्यातून एखादी वस्तू विकायला काढली की ३९९ डॉलरचा परवाना, ही अट त्यांना खटकली. या वर्गाला फेब्रुवारी १९७६ आठवत होता. ‘अल्टेअर’ या प्रारंभीच्या संगणकासाठी लिहिलेली बेसिक भाषा हौशी लोक एकमेकांना नकलून देतात, ही चोरी आहे, असे खुले पत्र तेव्हा तरुण गेट्स यांनी हौशींना उद्देशून लिहिले होते. श्रमांचे मोल मागण्यात त्यांची चूक नव्हती. परंतु ज्या मंडळींनी रात्री जागवून तो संगणक लोकप्रिय केला, त्यांनाच चोर ठरविले गेल्याचा सल राहून गेला. म्हणून तीस वर्षांनी कंपनी पुन्हा हौशींच्या दारी आली, तेव्हा अनेकांना आयत्या बिळावर नागोबा येत असल्याचा भास झाला. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते.

काळाने या तिन्ही वर्गांना थोडेथोडे खरे ठरविले. प्रणाली शिकण्यासाठी उत्तम होती, हे मान्य झाले. तरीही ती सर्वांचा पाया झाली नाही. २०१० साली कंपनीने शुल्काची अट काढून टाकली, २०१२ साली चौथी आवृत्ती आणली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये कर्मचारीकपातीत यंत्रमानव विभागच बंद केला. ज्यांनी आपले अभ्यासक्रम आणि आपली यंत्रे त्या प्रणालीवर उभी केली होती, त्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले.

दरम्यान वाट दुसरीकडूनच फुटली होती. २००५ साली इटलीतील इव्रिया गावच्या एका शिक्षणसंस्थेत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही परवडेल असा ‘आर्डुइनो’ हा लहानसा फलक तयार झाला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवण्यात आला. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कामाला २००७ पासून ‘विलो गॅरेज’ या संस्थेने आश्रय दिला आणि त्यातून ‘आरओएस’ ही मुक्त प्रणाली उभी राहिली. कोणीही ती घ्यावी, बदलावी, तिच्यावर व्यवसायही करावा. २०१४ साली विलो गॅरेजही बंद पडली. पण आज्ञावली खुली असल्यामुळे काम थांबले नाही. आश्रयदाता गेला तरी आश्रित वाढत राहिला. शेवटी २०१८ साली मायक्रोसॉफ्टनेच ही प्रणाली विंडोजवर चालावी म्हणून स्वतःचे अभियंते कामाला लावले. जिने सर्वांसाठी पाया घालायचे ठरविले होते, ती कंपनी सर्वांनी मिळून घातलेल्या पायावर येऊन उभी राहिली.

याच काळातील ‘किनेक्ट’ची कथा त्याहून बोलकी आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळासाठी हा त्रिमितीय कॅमेरा सुमारे १५० डॉलरना विक्रीस आणला. अंतर मोजणारी असली साधने तोवर हजारो डॉलरची होती. हौशींनी अवघ्या काही दिवसांत त्याची संदेशभाषा उलगडून तो स्वतःच्या यंत्रमानवाला डोळा म्हणून बसविला. कंपनीने आरंभी कपाळाला आठ्या घातल्या, मग शहाणपणाने ते मान्य केले आणि २०११ साली अधिकृत साधनेही दिली. यंत्रमानवांसाठी मुद्दाम केलेली प्रणाली मागे पडली आणि खेळणे म्हणून विकलेली वस्तू प्रयोगशाळांत पोहोचली. हौशी माणसाला मोकळे सोडले तर तो काय करू शकतो, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

मात्र या कथेतून मोठी कंपनी वाईट आणि हौशी तेवढे भले असा सोपा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. मुक्त आज्ञावलीही कोणाच्या तरी पैशावर आणि श्रमांवर जगते. विलो गॅरेजमागे एका धनिकाची गुंतवणूक नसती, तर ती प्रणाली विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडली असती. हौशींनी उत्साहाने आरंभलेली आणि अर्ध्यावर सोडलेली कामे तर अगणित आहेत. तेव्हा साधन कोणी दिले याहून दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात : ते उघडून पाहता येते का, आणि देणारा उद्या निघून गेला तर ते आपल्या बळावर चालविता येते का?

महाराष्ट्राला हे प्रश्न नवे नाहीत. गावगाड्यात सुताराने घडविलेली पाभर मोडली तर गावातच दुरुस्त होत असे. तिचे कोणतेही अंग कोणापासून लपलेले नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विलायती नांगर उलगडून पाहिला, त्यातील दोष हेरले आणि १९०३ च्या सुमारास इथल्या मातीला साजेसा लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी आरंभी त्याला हात लावीनात. तरी त्यातूनच पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. परक्याची वस्तू नाकारणे अथवा तिच्यापुढे हात जोडणे यांहून निराळा असा हा तिसरा मार्ग होता : समजून घेणे आणि आपलेसे करणे. स्वदेशीचा खरा अर्थ हाच.

हा मार्ग यंत्रमानवाच्या क्षेत्रातही इथल्या तरुणांनी चोखाळला आहे. २००८ साली आशिया-प्रशांत क्षेत्रातील विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा तिचा विषय होता गोविंदा. दहीहंडीचे लोणी यंत्रमानवाने मिळवायचे होते. मुंबईच्या आयआयटीने केंद्रीय शिक्षण खात्याच्या साहाय्याने ‘ई-यंत्र’ हा उपक्रम चालविला आणि शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारल्या. तेथे वापरलेल्या ‘फायरबर्ड’ या देशी यंत्रमानवाच्या चिपमध्ये अवघी आठ किलोबाइट स्मृती होती. त्या तुटपुंज्या शिदोरीवर विद्यार्थ्यांनी शेतीपासून आपत्तिनिवारणापर्यंतच्या समस्यांवर यंत्रे बनविली. साधन लहान होते, पण त्याचे अंतरंग विद्यार्थ्याला दिसत होते.

आज परीक्षेची वेळ शाळांवर आली आहे. ‘अटल टिंकरिंग लॅब’ या योजनेत देशभरात १० हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजारांची घोषणा झाली. या प्रयोगशाळांत काय येणार? एखाद्या कंपनीचा झाकबंद, चकचकीत संच आणला तर उद्घाटनाचे छायाचित्र सुरेख येते. पुढे एक सुटा भाग मोडला की संच कपाटात जातो. लेगो कंपनीने १९९८ पासून गाजलेली ‘माइंडस्टॉर्म्स’ मालिका २०२२ अखेर बंद केली, ते उदाहरण ताजे आहे. याउलट खुल्या आराखड्याचा फलक बिघडला तर विद्यार्थी डाग देण्याची कानस-कावी घेऊन तो स्वतः दुरुस्त करायला बसतो. त्या बसण्यातच त्याचे शिक्षण असते.

उसाच्या प्रयोगालाही हीच कसोटी लावावी. मायक्रोसॉफ्टने शेतीसाठीच्या आपल्या ‘फार्मव्हाइब्स’ प्रणालीचा काही भाग २०२२ साली सर्वांना खुला केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ ते २०२९ या काळासाठी कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही स्वीकारले आहे. या अनुकूल काळात काही अटी आताच ठरवून घेतल्या पाहिजेत. शेताच्या नोंदी शेतकऱ्याच्या मालकीच्या असाव्यात आणि मागताक्षणी त्याला मिळाव्यात. संवेदक बिघडला तर तालुक्यातला तंत्रज्ञ तो दुरुस्त करू शकेल इतके त्याचे अंतरंग खुले असावे. सल्ला देणारी सेवा उद्या बंद झाली अथवा तिचे दर वाढले, तर कृषी विज्ञान केंद्र, साखर कारखाना किंवा इथले एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय तेच काम पुढे चालवू शकेल अशी तयारी आजच सुरू व्हावी.

या अटींत कंपनीविषयी अविश्वास नाही. २०१४ साली विभाग बंद करणारी कंपनी आपल्या हिशेबाने वागत होती. तसे वागण्याचा तिला अधिकार आहे. पण उसाचे पीक आणि मुलाचे शिक्षण दोन्ही भागधारकांच्या तिमाही हिशेबावर चालत नाहीत. लावणीनंतर बारा ते अठरा महिने ऊस शेतात उभा असतो आणि त्याचा खोडवा त्याहूनही पुढे जातो. तेवढ्या काळात अमेरिकेतल्या एका कचेरीत धोरण कितीदा बदलेल, हे जळोचीच्या बांधावरून कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून ज्यांची तयारी करायची ती माणसे. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत संवेदक जोडू शकणारी आणि आज्ञावली वाचू शकणारी पाच-दहा मुले तयार झाली, तर कोणतीही कंपनी येवो वा जावो, गावाचे काम अडणार नाही. त्यासाठी लागते एक जाणता शिक्षक, एक खोली, काही हजार रुपयांचे साहित्य आणि सुटीच्या दिवशीही ती खोली उघडी ठेवण्याची शाळाचालकांची तयारी. शिक्षणसंस्था, पालक आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी ही एवढी गोष्ट मनावर घेतली, तर यंत्रमानवाची भाषा कोणाची या प्रश्नाचे उत्तर गावातलीच मुले देतील.