नोटिशीनंतरचे साठेखत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बँकांच्या ताबा नोटिसा असतात. कर्जदाराचे नाव, फ्लॅटचा पत्ता, थकबाकी. नियमाने त्या दोन वर्तमानपत्रांत छापाव्या लागतात, एक स्थानिक भाषेतले. आपण ते पान उलटतो. दलाल तिथूनच सुरुवात करतात. बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केल्यामुळे पुढचे मला पाठ आहे.

‘काका, लिलावात मातीमोल जाईल, मी सोडवतो.’ समजा फ्लॅट ६० लाखांचा, देणे ३० लाख. दोन लाख टोकन देऊन ४० लाखांचे साठेखत होते, नोटरीपुढे. खरेदीदाराच्या नावापुढे ‘किंवा ते सांगतील ती व्यक्ती’. जोडीला कुलमुखत्यारपत्र. मग तोच कागद तिसऱ्याला ५० लाखांत दाखवायचा. स्वतःला हे ‘इन्व्हेस्टर’ म्हणवतात; गुंतवणूक दोन लाखांची!

तारण कर्जांच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याचे कलम १३(१३) स्पष्ट आहे. ताब्याआधी येणारी साठ दिवसांची मागणी नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. त्यावर दलालांचे ठरलेले उत्तर: साठेखत म्हणजे विक्री नव्हे. खरे आहे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे साठेखताने घरात हक्क निर्माण होत नाही. मग तिसऱ्याने पैसे कशाचे मोजले? शिवाय सरफेसीच्या कलम २९ मध्ये उल्लंघनाचा प्रयत्न आणि त्याला साहाय्य, दोन्ही धरले आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यात सही करणारे काकाही सापडू शकतात.

आणि वेळ जातो तो काकांचाच. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की देणे फेडून घर सोडवण्याचा हक्क संपतो. २०१६ च्या दुरुस्तीचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात पक्का केला. तोवर दलाल गिऱ्हाईकच शोधत असतो.

लिलावाआधी घर विकणे शहाणपणाचेच, भाव बरा येतो. पण गिऱ्हाईक घेऊन शाखेत जा, संमती लेखी घ्या, रक्कम थेट कर्जखात्यात भरायला लावा. बँकांनीही ही वाट नोटिशीवर मराठीत छापावी, अधिकाऱ्याच्या नावासह. कलमांच्या इंग्रजी गर्दीत ती कुणाला सापडणार? आणि स्वस्त फ्लॅट घेणाऱ्यांनो, टोकन देण्याआधी सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणीत बोजा तपासा. थोडे शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो.