भाकरी भरपूर, आमटी पातळ

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. नेवासा बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात निघणाऱ्या भावावर आसपासच्या अनेक घरांचे महिन्याचे गणित ठरते. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ रोजी खुली केली. त्यासोबत लावलेले निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटले. निर्बंध घालताना कारण सांगितले गेले ते ग्राहकाला कांदा परवडावा हे. कांदा पिकवणाऱ्याच्या घरी रात्री काय शिजते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. भाव पडला तरी त्या घरात भाकरी होतेच. हात आखडतो तो डाळ, अंडी, फळे अशा विकत आणायच्या वस्तूंवर.

आरोग्याच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मोफत मिळते. त्यामुळे पोट भरण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पण हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. बाजरी, डाळ आणि भाजी खिशातूनच आणावी लागते.

पैसे जातात कुठे, हे केंद्र सरकारच्या २०२३–२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत दिसते. ग्रामीण भारतात दरमहा माणशी सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. त्यातील सुमारे ४७ टक्के अन्नावर. अन्नाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा होता पेये, तयार जेवण आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा : एकूण खर्चाच्या ९.८४ टक्के. तृणधान्यांवर जेमतेम ५ टक्के. म्हणजे धान्यावर वाचलेला पैसा डाळीकडे वळण्याआधी चहा, फरसाण आणि बिस्किटाच्या पुड्यांकडे वळण्याचा धोका आहे.

याची किंमत रक्तात मोजता येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. रक्तक्षयाला जंत, मासिक पाळीतील रक्तस्राव, बी-१२ची कमतरता अशी इतरही कारणे असतात. तरी रोजच्या ताटात लोह किती आणि त्यातले अंगी किती लागते, हा त्यातला मोठा भाग.

इथे गावाकडचे साधे रात्रीचे जेवण विज्ञानाच्या कसोटीवर चांगले उतरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते, गव्हाच्या पिठात सुमारे ४, तर पॉलिश केलेल्या तांदळात १ पेक्षाही कमी. धान्याच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. म्हणून भाकरीबरोबर पिठले, मटकीची उसळ किंवा हुलग्याचे माडगे असले की दोन्हींची उणीव भरून निघते.

अडचण फायटेटची. धान्य-डाळींतला हा घटक लोह आणि जस्त बांधून ठेवतो, त्यामुळे पोटात गेलेले सगळे लोह शरीराला मिळत नाही. कडधान्याला मोड आणले की फायटेट घटते. लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, धान्य-डाळींबरोबर कांदा किंवा लसूण असेल तर त्यांतले लोह आणि जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते, असे आढळले. हे प्रयोग प्रयोगशाळेतले, माणसांवरचे नव्हेत. पण बुक्कीने फोडलेल्या कांद्याला आणि लसणाच्या ठेच्याला त्यातून आधार मिळतो. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. तो तासाभराने घ्यावा.

बाजरीबद्दल थेट माणसांवरचा पुरावाही आहे, आणि तो महाराष्ट्रातला. ग्रामीण भागातील १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी देण्यात आली. काहींना नेहमीच्या बाजरीची, काहींना जास्त लोह असलेल्या बाजरीची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटातील मुलांच्या शरीरातला लोहसाठा चार महिन्यांतच अधिक वाढला. अशा बाजरीचे ‘धनशक्ती’ हे वाण इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून विकसित केले आहे. राहुरी घोडेगावच्याच जिल्ह्यात आहे.

म्हणजे बी जवळ आहे, करण्याची पद्धत आजीच्या हातची आहे आणि खर्च आवाक्यातला आहे. तरीही बाजरी मागे पडते, त्याला व्यवहाराची कारणे आहेत. रेशनचा गहू फुकट, बाजरी विकत. बाजरीच्या पिठातील स्निग्धांशामुळे ते लवकर कडू होते, त्यामुळे दळण थोडे थोडे आणावे लागते. शिवाय दिवसभर कांदा काढून आलेल्या बाईला चुलीपुढे भाकऱ्या थापण्यापेक्षा भात टाकणे सोपे जाते. हा आळस नव्हे, थकवा आहे.

उपाय म्हणून घराघरांत उपदेश पुरेसा नाही. रेशनच्या दुकानात स्थानिक बाजरी आणि डाळ नियमित मिळाली, तर मोफत धान्याचे पोषणात रूपांतर होईल. घरापुरता बदल मात्र आजच करता येतो. अनेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते, तेव्हा भाकरी शिल्लक असते आणि आमटीत पाणी वाढवलेले असते. रक्तक्षय ज्यांच्यात जास्त, त्यांच्याच वाटीत सर्वांत कमी डाळ पडते. सगळ्यांची ताटे एकदमच वाढली, तर एक रुपयाही जास्त न लागता त्या वाटीत घट्ट आमटी येईल.