स्टेशनचे अंतर दारापासून मोजा

मुंबई-ठाण्याकडे भाड्याचे घर शोधताना आपल्यापैकी अनेकांना एक अनुभव येतो. नाव सांगितले की ‘घर नुकतेच गेले’ असे उत्तर मिळते. असे चार-पाच नकार पचवल्यावर कोणी ‘हो’ म्हटले, की घाईघाईने टोकन देऊन आपण मोकळे होतो. खरे तर तपासणीची वेळ तीच असते.

उंच इमारतींच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असते. ही पाच मिनिटे बहुधा इमारतीच्या फाटकापासूनची असतात. आपले घर मात्र बाविसाव्या मजल्यावर असते. म्हणून कामाच्या दिवशी, सकाळी आठ-साडेआठला तिथे जा. त्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहा, खाली या आणि फलाटापर्यंत चाला. सोबत घरातली सर्वांत हळू चालणारी व्यक्ती असू द्या. दादीचे गुडघे दुखत असतील, तर स्टेशनचा पूल आणि जिने हाही अंतराचाच भाग आहे. मेट्रो 7 च्या दहिसर ते गुंदवली मार्गासारखी उन्नत स्थानके असतील, तर लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरते तेही पाहा.

दुसरी फेरी रात्री मारा. क्लासवरून किंवा नोकरीवरून परतणारी मुलगी त्याच रस्त्याने येणार आहे. दिवे आहेत का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, शेवटची गाडी कधी, हे पाहून घ्या.

इमारतीत तीन प्रश्न विचारा. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का? पाणी किती तास येते? आगीच्या वेळी थांबायचा मोकळा मजला कोणता? महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. सोसायटीच्या कार्यालयात ते दाखवायला सांगण्यात संकोच नको.

शेवटी कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ‘आपल्यात कागद कशाला’ असे कोणी गोड बोलून सांगितले, तरी ऐकू नका. डिपॉझिट किती, परत कधी, मेंटेनन्स कोण भरणार, घर सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे सारे करारात लिहून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या.

स्टेशनजवळच्या घराचे भाडे जास्त असते. दूरच्या घराच्या भाड्यात रोजचा रिक्षाखर्च मिळवा आणि मगच तुलना करा. कधी कधी स्वस्त घरच महाग पडते. आणि ‘हो’ म्हणणाऱ्या मालकाचे आभार जरूर माना, पण घर दोनदा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.